एक वीत अंतर

यंदा मे महिन्यात देवगडजवळच्या आमच्या जामसंड्याच्या घरी पडवीच्या दाराशी एक मोठा स्टीलचा डबा ठेवलेला होता. फराळाचा डबा, घट्ट झाकणाचा. माझ्या भावाचा नियम असा की घरात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने आपला फोन त्या डब्यात टाकायचा. आंब्याच्या पेट्या न्यायला आलेला टेम्पोवाला असो, वीजबिल द्यायला आलेला मुलगा असो की मी स्वतः असो, सगळ्यांना नियम एकच. कारण आत आमची आई होती. फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एका रुग्णालयात तिच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. वय एकोणऐंशी. ती घरी आली त्या दिवसापासून डबा दारात होता.

माझी लेक पुण्याहून सुट्टीवर आली आणि डब्यापाशीच थांबली. ती बायोमेडिकल इंजिनीअर आहे. रुग्णालयातली यंत्रं नीट चालतात की नाही हे बघणं हेच तिचं रोजचं काम. तिचा मामा, म्हणजे माझा भाऊ, गेली तीस वर्षं रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि कर्णे दुरुस्त करतो आणि दशावताराला माइक लावायला गावोगाव जातो. दोघांचा जीव एकमेकांवर आहे आणि दोघांचाही आईवर. पुढचे दोन दिवस खळ्यात आंबे निवडता निवडता त्या दोघांमध्ये जे बोलणं झालं ते मी इथे लिहिते आहे. भाऊ मालवणीत बोलतो. वाचकांच्या सोयीसाठी त्याचं बरंचसं बोलणं मी प्रमाण मराठीत आणलं आहे.

"मामा, फोन डब्यात कशाला?" तिने विचारलं.

"तुझ्या आजीच्या छातीत मशीन आहे. फोनमुळे मशीन बिघडतं. हे माका पुस्तकातून कळलेलं नाही, मी कानांनी ऐकलंय."

"काय ऐकलंस?"

"मगे आयक. मिठबावला नाटक होतं, दहा-बारा वर्षांपूर्वी. राजा दरबारात उभा, भाषण रंगात आलेलं. पेटीवाल्याने आपला फोन पेटीवरच ठेवलेला, माइकपासून हातभर. आणि एकदम कर्ण्यातून टट्-टट्-टट्, टर्रर्र! राजा थांबला. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी वायरी हलवल्या, अर्थिंग बघितलं, काही नाही. मग दोन सेकंदांनी पेटीवाल्याचा फोन वाजला. म्हणजे फोन वाजायच्या आधी माझ्या मशीनला कळलं! हातभरावरून जो फोन माझं एवढं मोठं मशीन हलवतो, तो आईच्या काडेपेटीएवढ्या मशीनचं काय करेल?"

हा प्रश्न साधा नाही, आणि माझ्या लेकीनेही तो उडवून लावला नाही. तिने हातातला आंबा पेंढ्यात ठेवला आणि विचारलं, "तो आवाज कुठल्या सुराचा होता, पेटीवाल्याने सांगितलं का?"

भावाने मान वर केली. "पांढरी सहा. जरा उतरलेला. तुका कसा कळला?"

"कारण तो २१७ हर्ट्झचा असतो, आणि पांढरी सहा २२० ची. ते जुने २जी फोन सलग बोलत नाहीत. एका टॉवरवर आठ फोन एकाच लहरीवर पाळीपाळीने बोलतात. आपली पाळी आली की फोन सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्म्या वेळात आपलं म्हणणं ओरडून सांगतो, मग सात पाळ्या गप्प. अशी पाळी सेकंदाला २१७ वेळा येते. फोनची लहर ९०० मेगाहर्ट्झची, ती कुणाच्या कानाला ऐकू येणार नाही. पण तिची ही चालू-बंद, चालू-बंद मात्र २१७ ची, आणि ती आपल्या ऐकण्याच्या टप्प्यात येते."

"पण माझा ॲम्प्लिफायर रेडिओ नाही. त्याने ती लहर पकडली कशी?"

"तुझ्या माइकची वायर किती लांब होती?"

"पन्नास-साठ फूट."

"ती वायर म्हणजे अँटेना. आणि आतला पहिला ट्रान्झिस्टर त्या लहरीचा एकच अर्धा भाग पुढे सोडतो, डायोडसारखा. एवढं झालं की चालू-बंदचा आराखडा वेगळा निघतो आणि ॲम्प्लिफायर तो इमानाने मोठा करून कर्ण्यात देतो. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात गॅलेनाच्या स्फटिकाने लहर ओळखण्याचं जे साधन बनवलं, १९०४ मध्ये ज्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, त्याच्यामागचं तत्त्व हेच. तुझं मशीन त्या रात्री नकळत रेडिओ झालं होतं."

भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणून व्हॉल्यूम खाली केला की टर्रही खाली जात होती. लहर व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात शिरत होती."

"अगदी बरोबर."

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की हा माणूस दहावीच्या पुढे शिकलेला नाही. त्या नाटकानंतर त्याने स्वतःच्या बुद्धीने वायरी आखूड केल्या, जाळीची शिल्डेड वायर वापरली, ट्रान्झिस्टरच्या पायांशी चकतीसारखा छोटा सिरॅमिक कपॅसिटर डकवला, वायरीवर फेराइटचं कडं चढवलं. टर्र बंद झाली. मोठ्या कंपन्यांचे इंजिनीअर याच रोगाला हीच औषधं देतात, असं माझी लेक नंतर मला म्हणाली.

"आता माझं ऐक," ती त्याला म्हणाली. "ती गोष्ट जुनी झाली. त्या २जी फोनची ताकद ओरडताना २ वॉटपर्यंत जायची. माझा फोन ४जी आहे. त्याची जास्तीत जास्त ताकद वॉटचा पाचवा हिस्सा, आणि तो असा तुटक ओरडत नाही. ही भीती आता सोडायला हवी. चल, करून बघू."

आईचा जुना ट्रान्झिस्टर मागवला. भावाकडे आंब्याच्या व्यवहारासाठी बटणांचा एक जुना फोन आहे. तो रेडिओपासून वीतभर ठेवून मी दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावला. टट्-टट्-टट्, टर्रर्र. तीच ती. लेकीने रेडिओचं स्टेशन बदललं, टर्र तशीच. लहर स्टेशनच्या वाटेने येत नाही याचा हा पुरावा. मग ती फोन दूर नेत गेली. दोन हातांवर आवाज पुसट झाला, चार हातांवर गेला. मग तिने आपला फोन रेडिओला अगदी चिकटवून ठेवला. मी फोन लावला. फोन वाजला, रेडिओ गप्प.

"बघितलंस?"

भावाने काही उत्तर दिलं नाही. त्याने रेडिओ एका हातात घेतला, तिचा फोन दुसऱ्या हातात, आणि तो माजघरात गेला. आमचं माजघर जुनं आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या दीड हात जाड भिंती, एक लहान खिडकी. तिथे कुणाच्याच फोनला धड रेंज नसते. त्याने दोन्ही वस्तू फळीवर शेजारी ठेवल्या आणि मला आवाज दिला, "आता लाव."

टट्-टट्-टट्. टर्रर्र.

माझी लेक माजघराच्या उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. फोनवर एकच काडी दिसत होती आणि ४जीचं चिन्ह गेलेलं होतं.

"२जीवर उतरला," ती म्हणाली. "४जी मिळेना म्हणून फोनने जुना टॉवर धरला."

"पुण्यात तुझा फोन शहाणा असेल," भाऊ म्हणाला. "हयसर तो माझ्या फोनासारखाच."

माझ्या मते त्या दोन दिवसांच्या बोलण्याचं वळण इथे आहे. फोनची ताकद ठरलेली नसते. टॉवर त्याला सांगत असतो की ऐकू येतंय, हळू बोल, किंवा ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. टॉवर जवळ असेल तर २जी फोन काही मिलिवॉटवर काम भागवतो. टॉवर दूर असला, मध्ये डोंगर असला, भिंत जाड असली की तोच फोन पूर्ण २ वॉटवर जातो. या दोन टोकांमध्ये सुमारे सहाशे पटींचा फरक आहे. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर खिशातला फोन कुजबुजतो. देवगडच्या सड्याखालच्या वाडीत, खाडीच्या कडेला, जांभ्याच्या माजघरात तो ओरडतो. शहरात बसून दिलेली "आता काही होत नाही" ही ग्वाही किनाऱ्यावर जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि हे शिकलेल्या माणसांच्या ध्यानात सहसा येत नाही, कारण त्यांच्या फोनवर नेहमी चार काड्या असतात.

रात्री जेवणं झाल्यावर लेकीने स्वतःहूनच तो विषय पुन्हा काढला. तिला दुपारची गोष्ट लागली होती.

"मामा, एकाच वर्षी, २००७ मध्ये, दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रुग्णांच्या ७५ खोल्यांत १९२ यंत्रांजवळ फोन नेहमीसारखे वापरून बघितले. ३०० चाचण्या. रुग्णाला धोका होईल असा अडथळा एकदाही आला नाही. आम्ही रुग्णालयात फोनवरची बंदी उठवली ती अशा अभ्यासांच्या आधारावर."

"आणि दुसरा?"

"दुसरा ॲमस्टरडॅमचा. अतिदक्षता विभागातली ६१ यंत्रं. फोनसारखे संदेश पूर्ण ताकदीने सोडले. २६ यंत्रांत मिळून ४८ वेळा गडबड झाली. त्यातल्या १६ धोकादायक. एखादा व्हेंटिलेटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, अशासुद्धा. यंत्रांना माणसं जोडलेली नव्हती, नशीब."

"म्हणजे एक म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो होतं. खरा कोण?"

"दोन्ही खरे. मेयोमध्ये फोन कुजबुजत होते, ॲमस्टरडॅममध्ये ओरडत होते."

"मगे आमचा देवगड कुणासारखा?"

ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "माजघरातला ॲमस्टरडॅमसारखा. पण ॲमस्टरडॅमची दुसरी गोष्टही ऐक. गडबड झाली ती बहुतेक वेळा किती अंतरावरून? मधलं अंतर तीन सेंटीमीटर. दोन बोटं. एखाददुसरं यंत्र फार लांबूनही दचकलं, पण बाकीची फोन अगदी टेकवल्यावर."

अंतराचा हिशोब तिने कागदावर मांडून दाखवला. २ वॉटवर ओरडणाऱ्या फोनपासून एक मीटरवर लहरीचा जोर साधारण १० व्होल्ट प्रति मीटर भरतो, तीन मीटरवर ३ च्या आसपास. ४जी फोनचा जोर एका मीटरवरच ३ असतो. रुग्णालयातली साधी यंत्रं बरीच वर्षं ३ व्होल्टचा जोर सोसतील अशी आणि जीव वाचवणारी १० व्होल्टचा सोसतील अशी तपासली जायची. २०१४ च्या नियमांनी तर माणसं फोन खिशात घेऊनच खाटेजवळ येणार हे गृहीत धरलं आणि जवळच्या लहरींसाठी २८ व्होल्टपर्यंतची परीक्षा घातली. "म्हणजे नियम करणाऱ्यांनी तुझं म्हणणं मानलंय, मामा. फोन येणारच, तेव्हा यंत्र घट्ट करा, असं ते म्हणतात. तू कपॅसिटर लावलास तेच."

भावाला हे आवडलं. पण डबा हलवायला तो तयार नव्हता.

"पेट्रोल पंपावर पण पाटी असतेच ना, मोबाइल बंद ठेवा म्हणून?"

"असते. आणि त्याच पंपावर आपण क्यूआर कोड स्कॅन करून पैसेही देतो. फोनच्या लहरीने पंपावर आग लागल्याचा सिद्ध झालेला प्रसंग जगात सापडत नाही. तिथे खरी भीती कपड्यांच्या घर्षणातून साठलेल्या विजेच्या ठिणगीची. पण पेट्रोल भरताना माणसाचं लक्ष नळीवरच हवं, म्हणून पाटी असलेली मला चालते."

"आणि विमानात?"

"तिथे गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये अमेरिकेत ५जी सुरू व्हायच्या वेळी विमानाची उंची मोजणाऱ्या यंत्राला अडथळा होईल म्हणून आपल्या एअर इंडियानेसुद्धा तिकडची उड्डाणं रद्द केली होती. ते यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर ऐकतं, आणि तिथलं ५जी खालच्या बाजूने त्याच्या बरंच जवळ आलेलं. आपल्याकडे त्याच वर्षाच्या शेवटी दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत आणि बाजूला ९१० मीटरपर्यंत ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ५जी टॉवर नकोत. बघ, तिथेही इलाज अंतराचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा मित्र आला. तो तांडेल आहे, आनंदवाडीच्या बंदरात त्याची होडी असते. मासेमारी १ जूनला बंद व्हायची होती, त्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. त्याची तक्रार अशी की रात्री होडीतल्या व्हीएचएफ रेडिओवर खरखर वाढते, बाजूच्या होडीचं बोलणं कळत नाही. भावाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की खलाशांचे फोन केबिनमधून काढ. त्याने काढले होते. खरखर होतीच.

लेकीने विचारलं, "दिवे कसले आहेत?"

"डेकवरचे एलईडी. गेल्या वर्षी बदलले. साधे, उजेडाचे." एलईडीने मासे ओढणं कायद्याने बंद आहे आणि आमच्या किनाऱ्यावर त्यावरून भांडणं होतात, म्हणून त्याने ते स्पष्ट सांगितलं.

"दिवे बंद करून बघा. रेडिओ एखाद्या शांत चॅनलवर लावा, खरखर जेमतेम थांबेल इथपर्यंत स्क्वेल्चचं बटण फिरवा, मग दिवे लावा. खरखर परत आली तर दोष दिव्यांतल्या स्वस्त सर्किटचा. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये नाविकांना हीच चाचणी सांगितली होती, कारण एलईडीमुळे व्हीएचएफ आणि होड्यांची जागा कळवणारं एआयएस दोन्ही बहिरे होत होते."

मग ती पुढे म्हणाली, "पण मामाचं एक ऐका. फोन होकायंत्राजवळ ठेवू नका. फोनच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. सुई फिरते. जीपीएस चालू असेल तोवर कळणार नाही, जीपीएस बंद पडल्यावर कळेल."

संध्याकाळी तांडेलाचा निरोप आला. दिवे बंद केले की खरखर जाते. मला त्यात लक्षात ठेवण्यासारखं वाटलं ते हे की फोन डोळ्यांसमोर असतो, म्हणून दोष आधी त्याच्यावर जातो. दिव्याकडे कुणी बघत नाही. समुद्रात वाऱ्यापावसात सापडलेल्या माणसाची हाक व्हीएचएफच्या १६ नंबरवर येते, आणि ती हाक न ऐकू येण्याचं कारण डोक्यावरचा दिवा असू शकतो.

आता आईकडे येते.

लेकीने मामाला पेसमेकरचं काम समजावलं ते मी शक्य तितकं तसंच देते. "आजीचं हृदय मध्येच ठोका चुकवतं. पेसमेकर सतत ऐकत असतो. हृदयाची स्वतःची वीज काही मिलिव्होल्टची असते, तेवढी बारीक खूण ऐकून तो ठरवतो की ठोका पडला, मी गप्प राहतो. खूण आली नाही तर तो स्वतः ठोका देतो. धोका असा की बाहेरच्या गोंगाटालाच त्याने ठोका समजलं तर तो गप्प राहील, आणि हृदयही गप्प असेल."

भावाचा चेहरा बदलला. "म्हणजे मी म्हणतो तेच."

"तू म्हणतोस ते १९९७ पर्यंत बरंच खरं होतं. त्या वर्षी अमेरिकेत पेसमेकर असलेल्या ९८० माणसांवर चाचण्या झाल्या. फोन छातीवर, पेसमेकरच्या अगदी वर धरला तेव्हा अडथळे आले. सगळ्या चाचण्या धरल्या तर शंभरात वीस वेळा काही ना काही दिसलं. पण फोन नेहमीसारखा कानाला लावला तेव्हा धोक्याचा असा एकही नाही. आणि ज्या पेसमेकरमध्ये वायर जिथून आत शिरते तिथेच गाळणी बसवलेली होती, त्यांच्यात अडथळा शंभरात एकापेक्षाही कमी. आता सगळ्या पेसमेकरांत ती गाळणी असते. तू माइकच्या वायरीला लावलास तसला कपॅसिटर, टायटॅनियमच्या डबीच्या दारात. शिवाय गोंगाट फारच झाला तर तो ऐकणं सोडून ठरावीक चालीने ठोके देत राहतो, गप्प बसत नाही."

"मग डबा नको म्हणतेस?"

"तुझ्या डब्याने काय होतं सांगू? स्टीलच्या डब्यात फोनला टॉवर दिसत नाही. तो सतत टॉवर शोधत राहतो. बॅटरी संपते. आणि मामा, रात्री दोन वाजता आजीला चक्कर आली तर? १०८ ला फोन कशावरून लावशील? डब्यातल्या संपलेल्या फोनवरून?"

भाऊ उठून खळ्यात गेला. तिथे अंधारात तो बराच वेळ उभा होता. आईवर त्याचं प्रेम किती आहे ते मला ठाऊक आहे. वडील गेल्यापासून त्याने तिला एक रात्र एकटी ठेवलेली नाही. त्याने काळजी म्हणून केलेली गोष्टच तिच्या जिवावर उठू शकते हे ऐकणं त्याला सोपं गेलं नाही. माझ्या लेकीनेही ते ओळखलं. ती त्याच्यामागे गेली आणि म्हणाली, "तुझी भीती खोटी नाही. डबा चुकीचा, अंतर बरोबर. डॉक्टर १५ सेंटीमीटर सांगतात. एक वीत धर, म्हणजे जास्तच झालं. फोन उजव्या कानाला, कारण मशीन डावीकडे. ब्लाउजच्या आत किंवा छातीवर फोन ठेवायचा नाही. आणि माजघरात बोलायचं नाही, पडवीत यायचं, तिथे रेंज आहे."

"एवढाच?"

"नाही. अजून एक. लोहचुंबक."

पेसमेकरच्या आत चुंबकाला ओळखणारी एक कळ असते. डॉक्टर तपासणीच्या वेळी छातीवर चुंबक ठेवतात, कळ दबते आणि पेसमेकर ऐकणं थांबवून ठरलेल्या गतीने ठोके देतो. दहा गाऊसचं क्षेत्रसुद्धा त्याला पुरतं. चुंबक दूर झालं की तो पूर्ववत होतो. धक्का देऊन हृदय सुरू करणारं आयसीडी नावाचं यंत्र ज्यांच्या छातीत असतं त्यांच्या बाबतीत मात्र गोष्ट गंभीर आहे, कारण चुंबक असेपर्यंत ते धक्का देत नाही. २०२० च्या शेवटी आलेल्या आयफोन १२ च्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं कडं बसवलेलं होतं. तो फोन छातीशी नेल्यावर आयसीडी झोपी गेल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२१ च्या सुरुवातीला दाखवून दिलं. खुद्द कंपनीनेही १५ सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगितलं, आणि बिनवायरीचं चार्जिंग चालू असेल तर ३०.

हे ऐकताना भाऊ एकदम म्हणाला, "थांब. स्पीकरातसुद्धा चुंबक असतं. माका विचार, मी रोज हाताळतंय."

दोघंही एकाच वेळी आईच्या खोलीकडे वळले.

आई पहाटे उठते आणि आकाशवाणी ऐकते. अभंग, मग बातम्या. कान मंद झाल्यापासून ती ट्रान्झिस्टर उशीवर घेते, कुशीवर वळते, आणि तो डाव्या खांद्याशी, छातीला लावून ऐकते. आमच्या लहानपणापासून तो रेडिओ घरात आहे आणि गेली दोन-तीन वर्षं ती तो असाच ऐकते. भाऊच दर वर्षी त्याचा स्पीकर तपासून देतो. या वर्षी त्याने नवा, जास्त जोरकस स्पीकर बसवला होता, तिला नीट ऐकू यावं म्हणून. दारात डबा ठेवून फोन अडवले, आणि सगळ्यात जवळचं चुंबक पहाटे दोन तास तिच्या यंत्रावर टेकलेलं होतं.

भाऊ खाटेच्या कडेला बसला. "आये, रेडिओ खंय ठेवतंस?"

आईने दाखवलं. तिथेच, नव्या शस्त्रक्रियेच्या वणाशेजारी.

त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. लेकीने त्याचा हात धरला आणि त्याला सांगितलं की आजीचा साधा पेसमेकर आहे, आयसीडी नाही. चुंबक दूर झालं की तो लगेच पूर्ववत होतो, झालं तरी एवढंच झालं असेल की त्या वेळात ठोके एका चालीने पडले असतील. आईला मध्यंतरी पहाटे धडधडल्यासारखं वाटायचं. ते यामुळेच की आणखी कशामुळे, हे घरात बसून ठरवता येत नाही. पेसमेकर आपल्या कामाच्या नोंदी ठेवतो; जूनमधल्या तपासणीला त्या नोंदी मुद्दाम बघायला सांगायचं तिने लिहून ठेवलं.

त्याच रात्री भावाने भिंतीतल्या कोनाड्यात फळी ठोकली आणि रेडिओ तिथे ठेवला. आईला ऐकू यावं म्हणून रेडिओचं तोंड तिच्याकडे वळवलं. उशीपासून अंतर मोजलं, विती मोजून: साडेचार. लेकीने पेसमेकरचं ओळखपत्र आईच्या बटव्यात घातलं. फोन लावायला भिंतीवर खिळा मारला, पडवीत, जिथे काड्या दिसतात तिथे. डबा धुऊन फडताळात परत गेला.

एका गोष्टीवर दोघांचं अजून जमलेलं नाही. भाऊ म्हणतो की माजघरात फोन अजिबात न्यायचाच नाही, मग तो वीतभर दूर असो की दहा विती. लेक म्हणते की एवढं नको. या बाबतीत मी भावाच्या बाजूची आहे. आई दुपारी तिथेच झोपते, आणि त्या खोलीत फोन ओरडतो हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तुमच्या घरी पेसमेकर असलेलं कुणी असेल तर आज त्यांच्या खाटेपाशी जाऊन बघा: उशीखाली काय आहे, खिशात काय आहे, छातीशी धरून ते काय ऐकतात.